सोरायसिसवाल्याला आधी ‘पिता का?’ विचारणं बंद करा

कपाशीची_सून: माझे सासरे माळकरी. आयुष्यात थेंब नाही घेतला. अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत, म्हणून अख्खं गाव म्हणते, “पेत असन चोरून.” पंगतीत शेजारी बसलेला पत्रावळ सरकवून घेतो. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तर तिथंही पहिला प्रश्न दारूचा. सोरायसिस हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा बिघाड आहे. नवी कातडी यायला एरवी महिनाभर लागतो, यात ती चार-पाच दिवसांत येते आणि थरावर थर साचतात. पुष्कळदा घराण्यातून येतो. शिवल्यानं होत नाही. दारूचं नाव आधी घेतलं की आजार राहतो बाजूला, माणूस आरोपी होतो. मग तो डॉक्टरकडे जातच नाही, मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणून लावत बसतो.

मेडिकलवाला: वहिनी, पंगतीचं पटलं. प्रश्नाचं नाही पटलं. दारूनं शरीरातली सूज वाढते, चट्टे वाढतात, औषधाचा गुणही कमी येतो. आणि मेथोट्रेक्झेट ही सोरायसिसवरची गोळी लिहायची असेल तर डॉक्टरनं विचारलंच पाहिजे. ती गोळी आणि दारू, दोन्ही लिव्हरवर जातात. या आजारात लिव्हरवर चरबी असण्याचं प्रमाण तसंही जास्त असते. लगे हात सांगतो, ही गोळी सोरायसिसला आठवड्यातून एकदाच असते. रोज खाल्ली तर जीव जाऊ शकते. चिठ्ठी नीट न वाचता रोज खाणारे निघतात, म्हणून सांगून ठेवलं.

धानवाला: हे सगळं इंग्लिशच्या बाटलीचं सांगा. आमच्याकडची मोहाची घरची असते, ना रंग ना केमिकल. अन् मी वाचलं हाय, अमेरिकेच्या नर्स बायांवर अभ्यास झाला, त्यात बिअर गुन्हेगार निघाली, कडक दारू सुटली. मग मोहाले कायले बदनाम करता?

मास्तर_अचलपूर: अभ्यास खरा आहे, २०१० चा. पण त्यात आधी सोरायसिस नसलेल्या बायकांपैकी पुढं कोणाला झाला, एवढंच पाहिलं होतं. ज्याला आधीच आहे त्यानं कडक प्यायली तर चालते, असं त्यात कुठं आलं? आणि मोह त्या नर्सनी चाखला असेल असं वाटत नाही. नशा ज्यानं होते ते इथेनॉल मोहातही तेच. उलट भट्टीची किती कडक उतरली हे उतरवणाऱ्यालाही धड माहीत नसते.

सेवाग्राम_रोड: आमच्या वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. सोरायसिस काही जिल्हा सोडून गेला नाही. वहिनींचा मुद्दा बरोबर.

मेडिकलवाला: दारू तरी कुठं गेली हो?

रातपाळी: मी पितो अन् मले सोरायसिस हाय. पोळ्याच्या करीले जास्त झाली की आठ दिवसात कोपरं, गुडघे लालभडक. हे मी सोता पाह्यतो, मले अभ्यास नको. पण रात्रभर खाज सुटते, दोन घेतल्या का डोळा लागते. न पेणाऱ्यानं सांगावं, झोपायचं कसं?

आशा_ताई: भाऊ, डोळा लागते पण झोप मोडते. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, अंग तापते, खाज उलट वाढते. थंडीत कातडी कोरडी पडली की अजूनच. आंघोळ कोमट पाण्यानं करा, अंग ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन लावा. आणि रोजची सवय असेल तर एकदम बंद करू नका, हातपाय थरथरतात, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरच्या देखरेखीत सोडा.

कपाशीची_सून: पाहा, ताईंनी आधी ऐकून घेतलं, मग सांगितलं. प्रश्न विचारू नका असं नाही म्हणत मी, पहिला विचारू नका. आधी चट्टे पाहा, सांधे दुखतात का विचारा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो. माझ्या सासऱ्यांना ते कोणी विचारलंच नव्हतं.

मेडिकलवाला: पहिला काय, तिसरा काय, विचारायचाच आहे. तोंड वाकडं करून विचारू नये, एवढं मान्य.

रातपाळी: माही गोळी सोमवारची असते. शनिवारी बाजार. शनिवारी दारू घेतली तर चालते का?

मेडिकलवाला: नाही. दिवस चुकवून लिव्हर फसत नाही. पुढच्या खेपेला लिव्हरची तपासणी करा अन् किती पेता ते डॉक्टरले खरं सांगा, अर्धं करून नको.

धानवाला: बरं, मोहफुलाचे लाडू तरी चालते का?

आशा_ताई: खा बिनधास्त. त्यात दारू नसते.