व्हॅनिलाच्या शेंगा वाळवल्या, पण वास आला नाही

प्रश्न:
आमच्या सुपारीच्या बागेत गिरिपुष्पावर चढवलेल्या व्हॅनिलाच्या वेलीला यंदा मार्चअखेरीस प्रथमच फुले आली. रोज सकाळी टाचणीने फुलातील पडदा उचलून परागीभवन केले आणि तीसेक शेंगा धरल्या. ऑक्टोबरात त्यातील बऱ्याचशा हिरव्या असतानाच काढून कडक उन्हात वाळवल्या. त्या काळ्या व कडक झाल्या, पण वास सुक्या गवताचा. वेलीची जातच निकृष्ट असावी का?

उत्तर 1:
जातीला दोष देऊ नये. व्हॅनिलाच्या ताज्या शेंगेला वास नसतोच. तिच्यात व्हॅनिलिन हे द्रव्य शर्करेशी बांधलेल्या स्वरूपात असते आणि शेंगेतीलच एक विकर ते बंधन तोडते, तेव्हा कुठे सुगंध मोकळा होतो. या कामाला ऊब, ओलावा आणि वेळ लागतो. आपण शेंगा थेट कडकडीत वाळवल्याने विकराला ओलावाच उरला नाही. शिवाय शेंग पक्व व्हायला आठ-नऊ महिने लागतात, त्याआधी हे द्रव्य पुरेसे साठत नाही.
(टाचणीची ही युक्ती 1841 साली रेयुनियाँ बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. जगभरच्या बागा आजही त्याच युक्तीवर चालतात, हे मला शेंगेच्या वासाहून अधिक नवलाचे वाटते.)

उत्तर 2:
वरील उत्तराशी सहमत आहे. एक जोडतो : बाजारातील स्वस्त इसेन्सशी तुलना करू नये. त्यात बहुधा कृत्रिम व्हॅनिलिन असते, जे 1874 साली जर्मनीत सूचिपर्णी वृक्षांतील एका द्रव्यापासून प्रथम तयार झाले. खऱ्या शेंगेत त्याच्या जोडीला इतर अनेक सुगंधी द्रव्ये असल्याने तिचा वास सौम्य, पण भरलेला असतो.

प्रश्नकर्ता:
वेलीवर अजून सात शेंगा आहेत. त्यांचे काय करावे?

उत्तर 1:
टोक पिवळसर होईपर्यंत थांबावे, मात्र शेंग उकलू देऊ नये. मग सुमारे 65 अंशांच्या पाण्यात तीन मिनिटे बुडवून, गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून पेटीत दोन दिवस ठेवाव्यात. पुढे आठ-दहा दिवस रोज दोन तास ऊन आणि पुन्हा घोंगडी. त्यानंतर काही आठवडे सावलीत, शेंग बोटाभोवती सहज वळेल इतपतच सुकवून, दोन-तीन महिने बंद डब्यात ठेवाव्यात. बुरशी दिसली, तर ती शेंग लगेच वेगळी काढावी.