येरेवानहून काय आणावं? (आणि दुदुक घ्यावं का?)

वैजू_सटाणा:
लेक आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला मेडिकलला आहे. दिवाळीआधी पाच दिवस आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. जाऊबाईंनी आधीच बजावलंय, "फ्रिजवर चिकटवायची चुंबकं आणलीस तर दारातूनच परत पाठवीन." लेक म्हणते वेर्निसाज बाजारात सगळं मिळतं. पण चांदी खरी असते का? क्रूस कोरलेलं काही आणलं तर सासूबाई काय म्हणतील? शिवाय ह्यांना दुदुक, म्हणजे तिथलं फुंकून वाजवायचं वाद्य हवंय, कारण घरी बासरी वाजवतात (शेजारी अजून बोलतात आमच्याशी).

डोंगरवारा:
वैजूताई, मी नोकरीनिमित्त तीन वर्षं तिथे होतो. वेर्निसाज रिपब्लिक स्क्वेअरच्या मेट्रोपासून चालत जाण्याइतकं जवळ. जायचं ते शनिवार-रविवारीच, इतर दिवशी निम्मी टेबलं रिकामी. नोटा द्रामच्या ठेवा. घासाघीस चालते, पण तुळशीबागेची सवय जरा आवरा.

चांदीवर 925चा शिक्का बघा. सोव्हिएत काळातल्या जुन्या दागिन्यांवर 875 दिसेल, तीही चांदीच. मी पहिल्याच महिन्यात शिक्का न बघता बायकोला हार घेतला. आठवड्यात गळा हिरवा आणि पुढचा महिनाभर माझा चहा बिनसाखरेचा.

सासूबाईंसाठी 'अरेवखाच' घ्या. गोलात फिरणाऱ्या वक्र पाकळ्यांचं हे चिन्ह अनंतत्वाचं. त्यात क्रूस नाही, भिंगरीसारखं दिसतं. खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली शिळा. तिच्या छोट्या प्रतिकृती मिळतात, पण तो त्यांच्या श्रद्धेचा, स्मरणाचा दगड आहे. शोकेसमध्ये नुसती शोभा म्हणून ठेवायला मला तरी बरं वाटलं नाही.

ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, तिथलीच. काळी तर असतेच, तपकिरी-तांबूस छटेचे मणी जास्त देखणे. लेकीच्या नावाचं आर्मेनियन अक्षर असलेलं लॉकेटही घ्या. मेस्रोप माश्तोत्स यांनी 405 साली घडवलेली ही लिपी लोक अजून दागिन्यात मिरवतात.

गालिचा घेणार असाल तर पैठणीसारखी पाठ बघा. मागेही नक्षी तितकीच स्पष्ट हवी, आणि झालर शिवलेली नको, ताण्याचेच धागे बाहेर आलेले हवेत. जुना गालिचा देशाबाहेर न्यायला सरकारी परवानगीचा कागद लागतो. तो विक्रेत्याकडून हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

आणि डाळिंब! मातीचं, चांदीचं, लाकडाचं, कशिद्यातलं. तिथे ते भरभराटीचं चिन्ह.

पिपाणी:
काकांना सांगा, बासरीवाल्याला दुदुक लगेच वाजत नाही. जर्दाळूच्या लाकडाची नळी आणि वेताची भलीमोठी दुपदरी जिभली. नात्याने ते सनई-सुंदरीच्या जवळचं. जिभली ओली करून उघडावी लागते, दम वेगळा लागतो. बाजारातली चकचकीत कोरीव दुदुकं बहुतेक शोभेचीच. विक्रेत्याला वाजवून दाखवायला सांगा. टाळाटाळ केली तर पुढच्या टेबलाकडे. जादा जिभल्या तिथूनच आणा, इथे शोधत बसाल.

वैजू_सटाणा:
डाळिंब?! अहो, आमची अडीच एकर बाग आहे. सटाण्याहून निघून येरेवानहून डाळिंब आणलं तर जाऊबाई चुंबकं बरी म्हणतील. ह्यांचं मत मात्र वेगळं पडलंय: "घेच. या डाळिंबाला तेल्या रोग तर लागणार नाही."

डोंगरवारा:
मग मातीचं घ्या, आणि केबिन बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणा. माझ्या तिघांतलं एकच शाबूत पोचलं.

वैजू_सटाणा:
ठरलं. दोन डाळिंबं, एक दुदुक, सहा जिभल्या. शेजाऱ्यांना काय आणावं तेही सुचवा, आता त्यांना तर द्यावंच लागेल.