लायडारच्या नकाशावर चौकोन दिसला की 'शहर सापडलं' म्हणायचं का?

खापरखुणा (धागा सुरू)

गेल्या काही वर्षांत पुरातत्त्वाची मोठी बातमी म्हटली की साचा ठरलेला असतो, विमानातून लेसर मारला, कॉम्प्युटरवर जंगल काढून टाकलं आणि खाली हरवलेलं शहर सापडलं. लायडार (म्हणजे विमानातून लेसरने जमिनीची उंची मोजणं), ड्रोन, जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशा आणि माहिती जोडणारी प्रणाली) हे सगळं वापरायलाच हवं, त्यावर माझा वाद नाही. पण नकाशावर उंचवटा दिसला म्हणजे वास्तू सापडली असं जाहीर करणं मला अजिबात पटत नाही. कुणीतरी तिथे पायी जाऊन बघेपर्यंत तो अंदाजच असतो, चांगला अंदाज असेल, पण अंदाज.

ग्वाटेमालाचंच बघा. २०१६ मध्ये पेतेनच्या जंगलावर २१४४ चौरस किमीचं लायडार सर्वेक्षण झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये '६० हजार वास्तू सापडल्या' हे जगभर छापून आलं, शास्त्रीय लेख मात्र आला सप्टेंबरमध्ये. त्यात मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या सखल प्रदेशाची इ. स. ६५० ते ८०० मधली लोकसंख्या ७० लाख ते १ कोटी १० लाख धरलीय. आता ही लोकसंख्या काही लेसरने मोजलेली नाही. लेसरने मोजले उंचवटे. त्यातलं घर कुठलं, कोठार कुठलं, किती घरं एकाच वेळी नांदती होती, एका घरात माणसं किती, हे सगळं गृहीत धरून गुणाकार केलाय. तज्ज्ञांना हे माहीत असतं, लेखात लिहिलेलंही असतं, पण लोकांपर्यंत पोचतो तो फक्त आकडा आणि तोच पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतो.

---

बिंदूमेघ

पूर्ण असहमत. तुम्ही बातमीचा राग पद्धतीवर काढताय. त्या ग्वाटेमालाच्या टीमने काही भाग प्रत्यक्ष जमिनीवर जाऊन तपासले होते, हे तुमच्या पोस्टमध्ये आलंच नाही.

आणि बेलीझमधल्या काराकोलचं काय? तिथे पंचवीसेक वर्षं जंगल तोडत, टेप आणि यंत्रं घेऊन सर्वेक्षण चालू होतं आणि त्यातून जेमतेम २३ चौरस किमीचा नकाशा झाला होता. २००९ मध्ये लायडारने काही दिवसांत २०० चौरस किमी उरकले. पायऱ्यापायऱ्यांची शेती, रस्ते, वस्त्या, सगळं एका चित्रात आलं. याला नुसता वेग म्हणून चालणार नाही, प्रश्नच बदलला. आधी सगळे मंदिराभोवती फिरायचे, कारण जंगलात मंदिर तेवढं दिसतं. सामान्य माणसाचं शेत दिसायला लागलं ते नकाशामुळे.

आग्वादा फेनिक्स तर याहून बोलकं आहे. मेक्सिकोत ताबास्कोमध्ये १४०० मीटरपेक्षा लांब, १० ते १५ मीटर उंच असा मातीचा चौथरा, इ. स. पू. १००० ते ८०० च्या सुमाराचा. तिथे जंगल नाही, लोक राहतात, गुरं चरतात. चौथरा इतका लांबरुंद की त्यावर उभं राहिलं तर साधी नैसर्गिक जमीनच वाटते. तुम्ही म्हणता पायी जाऊन बघा, अहो तिथे पायी फिरणाऱ्यांना तो दिसलाच नव्हता!

---

थरावर_थर

बिंदूमेघ, आग्वादा फेनिक्सचं उदाहरण उलट खापरखुणांच्या बाजूने जातंय. इ. स. पू. १००० ते ८०० हा काळ तुम्हाला लायडारने सांगितला का? त्या टीमने चर घेतले, कोळशाचे नमुने काढले, रेडिओकार्बन तारखा काढल्या आणि मग २०२० मध्ये लेख छापला. नकाशा बघून कुठे खणायचं ते कळलं, काय आहे ते खणल्यावर कळलं.

माझी मुख्य तक्रार काळाचीच आहे. लायडारच्या चित्रात दोन हजार वर्षांपूर्वीचा बांध, पाचशे वर्षांपूर्वीची वाट आणि परवा जेसीबीने टाकलेला ढीग एकाच राखाडी रंगात शेजारीशेजारी बसतात. उत्खननात वरचा थर, खालचा थर, त्यातली खापरं, यावरून आधी काय आणि नंतर काय ते लागतं. हे सगळं चित्रात चपटं होऊन जातं आणि मग एकमेकांना कधीही न भेटलेल्या पिढ्यांची घरं एकाच शहरात मोजली जातात.

शिवाय 'जंगल काढून टाकलं' हे वाक्यसुद्धा फसवं आहे. लेसरचे बहुतेक ठोके पानांवरच आपटून परत येतात, थोडेच जमिनीपर्यंत जातात. कुठला बिंदू जमीन आणि कुठला झुडूप हे सॉफ्टवेअर ठरवतं आणि त्याची सेटिंग माणूस ठरवतो. सेटिंग कडक ठेवली तर गुडघाभर उंचीची भिंत झुडूप समजून उडते, सैल ठेवली तर मोठं मूळसुद्धा भिंत होऊन बसतं. हिलशेडमध्ये, म्हणजे उंचसखलपणा सावल्यांनी दाखवणाऱ्या चित्रात, खोटा सूर्य एका दिशेला ठेवतात, त्या दिशेला समांतर जाणारी भिंत जवळपास दिसतच नाही. हे सगळे निर्णय कुणीतरी घेतलेले असतात, पण छापलेल्या नकाशावर त्यांचा मागमूस नसतो.

---

बिंदूमेघ

हिलशेडवर उपाय कधीचे आलेत, अनेक दिशांनी प्रकाश टाकतात, स्काय व्ह्यू फॅक्टर वापरतात, म्हणजे प्रत्येक जागेवरून आकाश किती दिसतं ते मोजतात, ज्यात प्रकाशाची दिशा लागतच नाही. सेटिंग लिहून ठेवली पाहिजे हे मान्य.

पण मग तीच कडक नजर उत्खननाकडेही वळवा ना. मोठ्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडात पाच बाय पाच मीटरचे दोनचार चर घ्यायचे आणि त्यावरून अख्ख्या वस्तीबद्दल पानंच्या पानं लिहायची, हा अंदाज नाही का? तिथे कुणी म्हणत नाही की बाकीची जमीन खणेपर्यंत गप्प बसा. आणि खणलेलं पुन्हा खणता येत नाही, थर एकदा काढला की गेला, मागे उरतात ती फक्त नोंदवहीतली टिपणं. लायडारचा कच्चा डेटा राहतो, उद्या कुणी त्यावर पुन्हा काम करून मला चूक ठरवू शकतो.

---

रानवाट

तुम्ही दोघं कशाने कळलं यावर भांडताय, मला विचारायचंय की 'सापडलं' म्हणजे कुणाला? कंबोडियातल्या कुलेन डोंगरावरचं महेंद्रपर्वत, २०१२ मध्ये तिथे लायडार झालं आणि २०१३ मध्ये 'हरवलेलं शहर सापडलं' म्हणून गाजलं. तिथली देवळं फ्रेंच अभ्यासकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवली होती, डोंगरावरच्या गावांतल्या लोकांना तर ती ठाऊकच होती. नवीन होती ती त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांची आखणी, आणि ती खरोखर मोठी गोष्ट आहे! २०१५ मध्ये पुन्हा उड्डाण झालं, दरम्यान माणसं त्या डोंगरावर पायी फिरली, जिथे सुरुंगांचा धोका होता, आणि सगळं मांडणारा लेख आला २०१९ मध्ये. ही मधली वर्षं बातमीत कुठे होती?

कंबोडियातल्याच अंगकोर वाट मंदिराच्या दक्षिणेला २०१२ च्या लायडारने मातीच्या बांधांची प्रचंड चौकोनी गुंडाळी दाखवली, ती कशासाठी होती ते नक्की सांगता येत नाही. माझ्या मते त्या नकाशातली सगळ्यात प्रामाणिक जागा तीच, दिसतंय पण कळत नाहीये.

---

खापरखुणा

रानवाट, अगदी. आणि त्यातून दुसरा मुद्दा येतो, लोकेशन. ही सगळी माहिती उघड्यावर टाकायची का? अमेरिकेत १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यात जागेचा पत्ता लोकांपासून राखून ठेवायची तरतूद आहे, ती उगीच नाही. अचूक नकाशा जसा अभ्यासकाला उपयोगी तसाच मूर्ती चोरणाऱ्यालाही.

---

उघडा_डेटा

इथे मी ठामपणे विरोधात आहे. लपवून काही वाचत नाही. सीरियातल्या अपामिया या प्राचीन शहराचे २०११ आणि २०१२ चे सॅटेलाईट फोटो शेजारी ठेवून बघा, एका वर्षात सगळ्या परिसराची लुटारूंच्या खड्ड्यांनी चाळण झालीय. त्यांना कुठल्या अभ्यासकाच्या नकाशाची गरज पडली नव्हती. उलट लूट किती झाली ते जगाला कळलं ते फोटो सगळ्यांना बघता येत होते म्हणून.

अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात काढलेले फोटो १९९५ मध्ये खुले केले. मध्यपूर्वेतल्या कितीतरी जुन्या वस्त्या नंतर धरणाखाली गेल्या, नांगराखाली गेल्या, त्या आता फक्त त्या फोटोंत उरल्यात. ते फोटो तिजोरीतच राहिले असते तर? आणि २०२४ मधलं वालेरियाना, मेक्सिकोत काम्पेचेमधलं माया शहर, ते सापडलं २०१३ च्या लायडार डेटात जो जंगलातला कार्बन मोजायला घेतला होता आणि इंटरनेटवर पडून होता! पुरातत्त्वासाठी एक उड्डाणही करावं लागलं नाही.

---

रानवाट

पण अपामिया जगप्रसिद्ध आहे, तिथे मोठी स्तंभांची रांग उभी आहे. आधीच माहीत असलेली जागा आणि कुणालाच माहीत नसलेलं थडगं यात फरक करा. अॅमेझॉनसारख्या भागात तर जमीन ज्या समाजाची आहे त्याला विचारल्याशिवाय त्यांच्या पूर्वजांची जागा स्क्रीनवर आणणं हेच चूक आहे. आदिवासी समाजांच्या डेटाबद्दल २०१९ मध्ये केअर तत्त्वं मांडली गेली, त्यात नियंत्रणाचा अधिकार त्या समाजाकडे असावा हे स्पष्ट म्हटलंय. 'खुला डेटा' म्हणताना कुणाचा डेटा कोण खुला करतोय ते आधी सांगा.

---

थरावर_थर

मला व्यवहार्य एवढंच वाटतं की जीआयएसमध्ये प्रत्येक आकाराला एक कॉलम सक्तीचा करा, जमिनीवर तपासलं की नाही, कुणी, कधी. आणि छापताना न तपासलेले आकार वेगळ्या रंगात दाखवा. मग ६० हजार म्हणा नाहीतर सहा लाख, वाचणाऱ्याला कळेल की त्यातलं पायाखालून किती गेलंय.

---

बिंदूमेघ

कॉलम ठेवा, माझी काहीच हरकत नाही. पण एक धोका आत्ताच सांगून ठेवतो. त्या जागेवरून रस्ता किंवा खाण जाणार असेल तेव्हा हाच कॉलम पुढे करतील, की 'तपासलेलं नाही' म्हणजे तिथे काही नाही, लावा मशीन. तपासायला माणसं नाहीत, पैसे नाहीत, आणि जमीन मात्र रोज जातेय. त्यामुळे संशोधनाच्या लेखात न तपासलेला चौकोन अंदाज म्हणून लिहा, पण संरक्षणाच्या यादीत तोच चौकोन कुणी जाऊन खोटा ठरवेपर्यंत खरा धरला पाहिजे. हे दोन्ही एकाच वेळी चालणार असेल तर मी तुमच्यासोबत आहे, नाहीतर नाही.