कुपेर्यानोव बटालियन : 1918 ची की 1992 ची?

जुनी_पाने :
एस्टोनियाच्या सैन्यातली कुपेर्यानोव पायदळ बटालियन स्वतःचं वय 1918 पासून मोजते. मला हे पटत नाही. एस्टोनियाच्या स्वातंत्र्ययुद्धात, डिसेंबर 1918 मध्ये लेफ्टनंट युलियस कुपेर्यानोव या 24 वर्षांच्या माजी शिक्षकाने टार्टू परगण्यात, पुर्मानीच्या जमीनदारी वाड्यावर स्वयंसेवक जमवले. 14 जानेवारी 1919 ला चिलखती आगगाड्यांच्या जोडीने त्यांनी टार्टू शहर बोल्शेविकांकडून घेतलं. 31 जानेवारीला पायूच्या जमीनदारी वाड्यापाशी झालेल्या लढाईत कुपेर्यानोवला गोळी लागली आणि 2 फेब्रुवारीला तो गेला. 1940 मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळला आणि ही बटालियनही संपली. 1992 मध्ये व्होरू शहरात उभी राहिली ती सक्तीच्या सेवेतल्या पोरांची तुकडी. माणसं नवी, हत्यारं नवी. जुनं काय, तर नाव आणि बाहीवरची कवटी.

खडूस_काका :
अहो, एस्टोनिया 1991 ला जन्मलाच नाही, तो पुन्हा स्वतंत्र झाला. अमेरिकेने 1940 चं विलीनीकरण कधीच मान्य केलं नव्हतं. देश तोच असेल तर पलटण वेगळी कशी? आणि 1992 ला रशियन फौजा अजून देशातच होत्या, ऑगस्ट 1994 ला निघाल्या. अशा वेळी ते नाव घेणं म्हणजे नुसती हौस नव्हे.

जुनी_पाने :
काका, तो नियम राष्ट्राचा झाला. 1940 मध्ये एस्टोनियन सैन्याची लाल सैन्यातली 22 वी कोर (मोठी लष्करी तुकडी) करून टाकली, 1941 च्या जूनमध्ये त्यातले कितीतरी अधिकारी पकडून सैबेरियात नॉरिल्स्कला धाडले. धागा तिथेच तुटला.

सायंतारा :
टार्टूच्या राडी स्मशानभूमीत कुपेर्यानोवची कबर आहे. सोव्हिएत काळात नाताळच्या संध्याकाळी पोरं तिथे मेणबत्त्या लावायची. केजीबीची नजर असायची, विद्यार्थ्यांवर कारवाई व्हायची, तरी जायची. तुटलेल्या धाग्यापाशी कोण एवढा धोका पत्करतं?

जुनी_पाने :
ती आठवण शहराने जपली, बटालियनने नाही. श्रेय शहराला द्या.

रानवाटा :
वारसा सांगायचाच तर पायू पूर्ण सांगा ना. सांगास्तेचा रेल्वेपूल उडवलेला, त्यामुळे चिलखती गाड्या येईनात. फिनिश स्वयंसेवक अजून पोचले नव्हते. तरी कुपेर्यानोवने माणसांना उघड्या बर्फाळ शेतातून लाटव्हियन लाल रायफलधाऱ्यांच्या मशीनगनसमोर नेलं. शौर्य खरं, पण सेनापती म्हणून? स्मारकांवर हा प्रश्न कोरत नाहीत.

खडूस_काका :
संध्याकाळी हान्स काल्मच्या हाताखालचे फिनिश स्वयंसेवक आले, पायूचा वाडा पडला, दुसऱ्या दिवशी वाल्गा शहर हाती आलं. वाल्गा म्हणजे रीगा, प्स्कोव्ह आणि टार्टूच्या रेल्वेमार्गांचं जंक्शन. घाईला कारण होतं.

रानवाटा :
वाडा पडला तो फिनिश आल्यावर. मग थांबला असता तर?

खडूस_काका :
ते आपण पंख्याखाली बसून ठरवणार! मूळ मुद्दा घ्या. स्थापना 1992 अशी लिहिली की मधली 52 वर्षं कोणी खाल्ली ते कागदावरून गायब होतं. मॉस्कोला तेच हवं असतं.

जुनी_पाने :
मॉस्कोला काय हवं त्यावरून तारखा ठरवायच्या का? "1918 ला स्थापना, 1940 ला नष्ट केली, 1992 ला नव्याने उभारली" असं लिहा. मधली वर्षं कोणी खाल्ली तेही त्यात आलं. वय मात्र मी 1992 पासूनच मोजणार.