लिहिणाऱ्या मैत्रिणीला काय द्यावं? लवकर सुचवा, आठच दिवस उरलेत

पायात_भिंगरी
मदत हवी आहे. सुट्टीत आमचा जुना कंपू जमतो, तेव्हा आम्ही एकमेकांना काही ना काही देतो. बाकी सगळ्यांचं घेऊन झालं, एकच राहिली आहे. ती लिहिते. नेटवर 'लेखकांसाठी भेटवस्तू' शोधलं तर पिसं चिकटवलेली पेनं आणि 'शांतता, लेखन सुरू आहे' असं छापलेले मग येतात. तसलं काही नको. आठ दिवस आहेत हातात, प्लीज पटापट सांगा.

कागदकिडा
काय लिहिते? कविता, कथा, लेख, की वाण्याची यादी? हाताने लिहिते की टाइप करते? घरात आधीच किती वह्या पडून आहेत?

पायात_भिंगरी
लिहिते म्हणजे लिहिते हो. एक मोठी गोष्ट लिहितेय, कादंबरीच म्हणा. बाकीचं एवढं महत्त्वाचं आहे का?

शाईवाला
डोळे मिटून शाईचं पेन दे. मी गेली पंचवीस वर्षं दुसऱ्या कशाने लिहिलेलं नाही. निब फाइन घे. मीडियम निबने बारीक अक्षर काढलं की 'ष्ठ', 'क्ष्म' असल्या जोडाक्षरांची पोटं शाईने बुजतात आणि दुसऱ्या दिवशी आपलंच आपल्याला लागत नाही. कन्व्हर्टरवालं घेतलंस तर बाटलीतली शाई भरता येते. शाई मात्र पेनचीच घे, पाण्यात विरघळणारी. चित्रकारांची ड्रॉइंग इंक चुकूनही नको. तिच्यात बऱ्याचदा लाखेपासून केलेलं शेलॅक असतं, ते फीडमध्ये, म्हणजे निबपर्यंत शाई नेणाऱ्या भागात, वाळलं की पेन गेलं कामातून.

तिरपागडा
शाईवाले काका, मागे कुणीतरी गुडघेदुखीवर उपाय विचारला होता तिथेही तुम्ही शाईचं पेनच सुचवलं होतं ना? (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या)

शाईवाला
तिथे मी टेबलाच्या उंचीबद्दल बोललो होतो. जुना धागा काढून वाचा.

कागदकिडा
पेन दिलं तर कागद कोण देणार? साध्या वहीवर शाई फुटते आणि मागच्या पानावर उतरते. लोक नुसता जीएसएमचा आकडा बघतात. अहो, जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. शाई पसरणार की नाही ते कागदाला खळ कशी दिली आहे त्यावर ठरतं. माझ्याकडे १०० जीएसएमची एक वही आहे, तिच्यात 'अ' काढला की त्याला सुरवंटासारखे केस फुटतात. आणि ५२ जीएसएमचा कागद आहे, कांद्याच्या सालीसारखा पातळ, त्यावर रेघ जागची हलत नाही. तर माझं मत: चांगल्या कागदाची ए५ वही. ए५ म्हणजे ए४ ची घडी, पिशवीत मावते.

पायात_भिंगरी
वह्या आहेत तिच्याकडे, चार की पाच. प्रत्येकीत पहिल्या पानावर तारीख आणि पुढे सगळं कोरं. त्यातल्या दोन मीच दिल्यात. आणि ती डावखुरी आहे, पेनने लिहिलं की तिचा हात निळा होतो.

कागदकिडा
आणि हे तू आत्ता सांगतेस.

डावखुरी_मी
निळ्या हाताला अनुमोदन. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे आमचा हात ओल्या अक्षरांवरून फिरतो. करंगळीच्या बाजूला शाळेपासून डाग आहे माझ्या. लोक डावखुऱ्यांना कात्री आणि पेन भेट देतात आणि वर आपण किती विचार केला म्हणून खूश होतात. मला अशा तीन कात्र्या आल्यात.

शाईवाला
लवकर वाळणाऱ्या शाया मिळतात. फाइन निबमधून शाई कमी उतरते, म्हणजे फासतेही कमी. डावखुऱ्यांनी पेन सोडावं असं काही नाही.

पायात_भिंगरी
काका, मुळात ती फोनवर लिहिते. रात्री, आडवी पडून, अंगठ्याने.

शाईवाला
मग इतका वेळ आम्ही इथे काय करतोय?

कळफलक_कैवारी
फोनवर अंगठ्याने कादंबरी!! ताई, तिला छोटा ब्लूटूथ कीबोर्ड द्या आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी कळांची मांडणी, शिकायला लावा. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. महिनाभर चुकेल, मग बघा वेग. रोमनमधून मराठी लिहिणं म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे.

नावात_काय
पुन्हा इनस्क्रिप्ट! ज्याला फोनेटिक जमतं त्याने तेच वापरावं ना. आठ दिवसांत भेट द्यायची आहे, परीक्षेला बसवायचं नाहीये.

कळफलक_कैवारी
रोमनमधून एक 'ज्ञ' काढताना किती कळा दाबता ते मोजा आणि मग बोला.

नावात_काय
मोजल्या. तुमचा प्रतिसाद वाचायला त्याहून जास्त वेळ लागला.

तीन_प्रती
कीबोर्ड राहू दे. फोनवर आहे म्हणजे बॅकअप आहे का? माझी अकरा प्रकरणं एका बिघडलेल्या लॅपटॉपबरोबर गेली. बारावं आजतागायत लिहिलं गेलं नाही. तेव्हापासून ३-२-१ पाळतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तिला पेनड्राइव्ह द्या, आणि तासभर शेजारी बसून सगळं लावूनही द्या.

वाचनवेडा
माझ्या भाचीला ई-रीडर दिला होता, जाम खूश झाली. पडद्यावर चकाकी नाही, उन्हातही वाचता येतं, चार्जिंग कितीतरी दिवस पुरतं. पाण्याने न बिघडणारा मिळाला तर तोच घ्या.

पायात_भिंगरी
ती लिहिते हो! वाचतेही, पण विषय तो नाहीये. सहा दिवस राहिले. कुणीतरी एक वस्तू सांगा ना.

खिळेजुळारी
मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली आहेत, त्या अनुभवावरून विचारतो. तिच्या कादंबरीची फाइल तुमच्याकडे आहे का? असली तर छापून, बांधून द्या. फोनवर लिहिणाऱ्याने आपला मजकूर सलग असा पाहिलेलाच नसतो, बोटाने सरकवत एकेक परिच्छेद दिसतो. कागदावर आला की एकच शब्द एका पानात चार वेळा आलाय हे लगेच डोळ्यांत भरतं. छापताना कागदाची एकच बाजू वापरा. ओळींत दुप्पट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत अडकतात आणि दुरुस्ती लिहायला जागाच उरत नाही. समास तीन बोटं तरी हवा. आणि फाइल पीडीएफ करूनच न्या, फॉन्ट तिच्यातच बसतो. नाहीतर छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला की जोडाक्षरांचे पाय मोडून हाती येतात. एकदा अख्ख्या स्मरणिकेत 'विद्यार्थी' मोडलेले पाहिले आहेत.

तिरपागडा
म्हणजे तिच्या फोनमधून चोरायची फाइल?

पायात_भिंगरी
चोरायची गरज नाही, मेलमध्ये आहे. जूनमध्ये पाठवली होती तिने. अडतीस हजार शब्द आहेत असं मेलमध्येच लिहिलंय.

कागदकिडा
कशाला पाठवली होती?

पायात_भिंगरी
वाचून सांग म्हणून.

कागदकिडा
मग?

पायात_भिंगरी
मग काय. उघडली नव्हती. आधी ऑफिसचं काम होतं, मग घर बदललं, मग इतके दिवस उलटले की उघडायचीच लाज वाटायला लागली. तिनेही पुन्हा विचारलं नाही. धागा भेटवस्तूचा आहे, त्यावर बोला.

नावात_काय
भेटवस्तूचाच होता, आत्तापर्यंत.

डावखुरी_मी
मी आठवडाभराने एकदा विचारते, 'बघितलंस का गं?' त्यापुढे नाही विचारत. न वाचताच बांधून दिलीस तर ती आधी पान १ उघडणार नाही, तुझ्या तोंडाकडे बघेल.

शाईवाला
शिवाय वाचायला दिली म्हणजे छापायला दिली असं होत नाही. न विचारता कुणाचंही लिखाण छपाईवाल्याच्या हातात देऊ नये.

खिळेजुळारी
एक प्रत काढणं म्हणजे प्रकाशन नव्हे हो. पण मुद्दा रास्त आहे. बाहेर काढलीत तर समोर उभं राहून फाइल पुसून घ्या. घरी प्रिंटर असेल तर उत्तमच.

तीन_प्रती
जूनची फाइल आहे हे लक्षात घ्या. त्यानंतर तिने बदल केले असणार. पहिल्या पानावर तारीख टाका. आणि ही आपोआप घराबाहेरची प्रत झाली की नाही? मी तेच सांगत होतो.

डावखुरी_मी
स्पायरल लावणार असाल तर डाव्या कडेला लावू नका! डाव्या हाताने लिहिताना मनगट त्या तारेवर टेकतं, अर्ध्या पानात वळ उठतात. वरच्या कडेला लावा, बातमीदारांच्या वहीसारखी. हवी तर टाचणवहीवर डाव्या हाताने चार ओळी लिहून बघा, कळेल.

पायात_भिंगरी
सगळ्यांना एकदमच सांगते. ऑफिसातून आल्यावर सहज पहिलं पान उघडलं, जेवायच्या आधी मिटवू म्हटलं, पहाटे दोनपर्यंत वाचत बसले. साठ पानं झाली. मधला भाग रेंगाळतो, आणि एका म्हाताऱ्याचं नाव मध्येच बदललंय. पान ३१ वर एक बाई आहे. ती कुणाकडूनही निघताना 'पोचले की सांगते' म्हणते आणि एकदाही सांगत नाही. तो माझा शब्द आहे. कॉलेजपासून मीच तेवढं म्हणते.

तिला फोन केला. छापू का विचारलं, तर आधी गप्पच बसली, मग म्हणाली थांब, नवीन फाइल पाठवते. म्हणजे सरप्राइज गेलं. १५२ पानं होताहेत, घरीच काढतेय, स्पायरल वरच्या कडेला. म्हाताऱ्याचं नाव तिने अजून दुरुस्त केलेलं नाही.

सोबत पेन्सिल ठेवायची आहे. कुठली? चार दिवस उरलेत.

कागदकिडा
२बी. मऊ लागते, हात दुखत नाही.

डावखुरी_मी
अजिबात नको. २बी हाताखाली पसरते, सगळा समास करडा होईल. एचबी दे. आणि वेगळा खोडरबर दे, पेन्सिलीच्या टोकावरचा कागद फाडतो.

शाईवाला
फाइन निब आणि लवकर वाळणारी शाई. अजूनही सांगतो.

वाचनवेडा
शाईवाले काका, माझ्या पेनात वर्षभर शाई वाळून बसली आहे. गरम पाण्यात टाकू का?

शाईवाला
गरम नको, प्लास्टिक वाकडं होतं. स्पिरिटही नको. निबचा भाग रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी निळं झालं की बदला. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.