पावसात घट्ट बसलेलं सहा पट्ट्यांचं लाकडी कोडं: न मोडता कसं सोडवायचं, आणि घरी करायचं तर गॅप किती ठेवायचा?

उद्यमबाग_मिलिंग
नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, उद्यमबागेत मशीनशॉपमध्ये मिलिंगवर आहे, लाकडाला आयुष्यात कधी हात लावलेलो नाही म्हणून इथं विचारायलोय. एप्रिलमध्ये मेव्हण्यानं पुण्यातल्या एका प्रदर्शनातून माझ्या मुलीसाठी सहा पट्ट्या एकमेकीत अडकवलेलं लाकडी कोडं आणलं, डब्यावर लुबान लॉक म्हणून लिहिलंय. तीन दिशांना दोन-दोन पट्ट्या, खिळा नाही, स्क्रू नाही, गोंद नाही, आणि जोडलं की मधी केसाएवढी पण फट दिसत नाही. मी दिवसभर मायक्रॉनचं काम करतो तरी ते बघून गप्प बसलो, एवढं सुंदर काम आहे.

पोरगी ११ वर्षांची. सुट्टीत आठ दिवस घेऊन बसली आणि स्वतःच सोडवायला पण शिकली, जोडायला पण. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर जोडून शोकेसमध्ये ठेवली ती ठेवलीच. आता जुलैत काढून बघतेय तर चावीची पट्टी, म्हणजे सगळ्यात आधी निघते ती, हलतच नाही. आधी मला वाटलं विसरली असेल, म्हणून मीच बसलो, अंगठ्यानं ढकलून बघितलो, मग लाकडी मोगरीनं चावीच्या टोकावर दोन-तीन दणके दिलो, तर टोक जरा फुलल्यासारखं झालं आणि पोरगी रडायला लागली. तिथंच थांबलो. व्हर्निअर लावून मोजलो तर एक गंमत दिसली, डब्यातल्या कागदावर पट्टी २४ मिमी लिहिलीय, पण तीच पट्टी एका अंगानं २४.२० भरते आणि दुसऱ्या अंगानं २४.१०. चौकोनी पट्टी दोन अंगांनी वेगळी कशी काय?

दुसरं म्हणजे घरात जुन्या चौकटीचं सागवान पडलंय, त्यातनं मी तिला अजून एक करून देणार म्हणतो. मशीनवर ०.०५ मिमी क्लिअरन्स (गॅप) ठेवून खाचा मारल्या तर चालेल काय?

शहापूर_कट्टा
खोबरेल तेल सोडा की दोन थेंब सांध्यात, रात्रभर ठेवा, सकाळी सटकन निघतंय. आमच्याकडं कपाटाच्या ड्रॉवरला हेच करतात.

खानापूर_सुतारकाम
तेल अजिबात नको वो. तेल लाकडात मुरतं, नंतर धूळ धरून चिकट होतं, आणि अशा घट्ट सांध्यात एकदा चिकटा बसला की पट्टी कायमची रुसली म्हणून समजा. उन्हात पण ठेवू नका, तव्याजवळ पण नको, बाहेरचं लवकर वाळतं आणि आतलं ओलं राहतं, मग चीर पडते.

हे करा. झाकण घट्ट बसणारा एक स्टीलचा डबा घ्या, बुटाच्या नाहीतर औषधाच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या १५-२० गोळा करा, तळाला टाका, वर कोडं ठेवा आणि झाकण लावून आठ-दहा दिवस विसरून जा. लाकूड हवेतलं पाणी ओढून फुगलंय, तसंच हळूहळू सोडेल. रोज उघडून बघायचं नाही, ते सगळ्यात अवघड आहे.

आणि महत्त्वाचं, ज्या टोकावर तुम्ही ठोकलात ते टोक आता पसरलंय. त्याच बाजूनं ढकलत राहिलात तर तेच फुललेलं टोक मधल्या भोकात घुसवायला बघताय तुम्ही. सुकल्यावर पलीकडच्या टोकावरून अंगठ्यानं ढकला, म्हणजे फुललेलं टोक बाहेरच्या बाहेर जातं आणि चांगलं टोक भोकातनं सरकतं. चावीची पट्टी मधी कुठं न कापलेली सरळ असते, तिला दोन्हीकडून वाट असते.

२४.२० आणि २४.१० चं कोडं तर एकदम सोपं आहे. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर वर्षांच्या गोल रेघा असतात की नाही, त्या रेघांच्या बाजूनं लाकूड जितकं फुगतं त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं फुगतं. लांबीत तर जवळजवळ फुगतच नाही. पट्टीचं तोंड बघा, रेघा कुठल्या अंगाला समांतर आहेत ते दिसेल, तेच अंग जास्त भरणार.

आता खरी मेख बघा. खाच मोजायची ती पट्टीच्या लांबीत, म्हणजे खाचेची रुंदी पावसात आहे तेवढीच राहते. त्या खाचेत बसते ती दुसऱ्या पट्टीची जाडी, आणि जाडी तर फुगते. भोक वाढत नाही, कुसू, म्हणजे भोकात बसणारं लाकूड, ते वाढतं. म्हणून लोखंडाचा हिशोब इथं लागू नाही. तुमचा ०.०५ म्हणजे डिसेंबरात मस्त आणि जुलैत कुलूप. आमचे वडील चौकटीचं कुसू आणि साल (कुसू बसतं ती खाच) पावसाळ्यात केलं तर घट्ट धरायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये केलं तर हाताला जरा ढिलं ठेवायचे, कुठं लिहिलेलं नव्हतं, हातालाच कळायचं त्यांना.

उद्यमबाग_मिलिंग
काका, हे वाचून परत पट्टीचं तोंड बघितलो, तुम्ही म्हटल्यासारखंच आहे, रेघा बरोबर २४.२० च्या अंगाला समांतर आहेत. वीस वर्षं मोजमाप करतोय पण हे डोक्यातच आलं नव्हतं. डबा आजच लावतो.

चिकोडी_वाचनवेडी
विषय निघालाच आहे तर थोडं नावाबद्दल सांगते, कारण डब्यावरचं लुबान म्हणजे कंपनी नव्हे. लू बान हा इ.स.पू. ५व्या शतकातला लू राज्यातला सुतार, चिनी सुतार त्याला आपल्या विश्वकर्म्यासारखं मानतात. मुलाची हुशारी बघायला त्यानं हे कुलूप केलं अशी गोष्ट सांगतात. दुसरं नाव कोंगमिंग कुलूप, ते झूगे लिआंग या मुत्सद्द्याच्या नावावरून, तो इ.स. १८१ ते २३४ मधला. म्हणजे दोघांत सहा-सातशे वर्षांचं अंतर आणि कोडं एकच, तेव्हा या दोन्ही गोष्टी लोककथा म्हणूनच घ्याव्यात. युरोपात तर १८०३ साली न्यूरेंबर्गच्या एका खेळणीवाल्याच्या कॅटलॉगमध्ये अशी कोडी विकायला होती. इंग्रजीत याला बर म्हणतात, बर म्हणजे कपड्याला चिकटतं ते काटेरी बी, आपलं गोखरू समजा.

पण कोड्यामागची विद्या मात्र खरोखर जुनी आहे. तिला सुनमाओ म्हणतात, सुन म्हणजे कुसू आणि माओ म्हणजे खाच. चीनमध्ये हेमुडू इथं उत्खननात सुमारे ७००० वर्षांपूर्वीचे असे सांधे असलेली लाकडं सापडलीत. शान्शी प्रांतात यिंगशियनचा लाकडी पॅगोडा १०५६ सालचा, ६७ मीटर उंच, अजून उभा आहे. त्यात खांबाच्या डोक्यावर एकावर एक अडकवलेले लाकडी ठोकळे असतात, त्याला दोगोंग म्हणतात, भूकंपात ते सांधे थोडे थोडे घासत हलतात आणि धक्क्याचा जोर तिथंच जिरतो. ११०३ साली तर सरकारनं बांधकामाचा ग्रंथ छापला, त्यात कुठलं लाकूड किती मापाचं ते ठरवून दिलेलं. २००९ मध्ये युनेस्कोनं ही लाकडी बांधकामाची कला वारशाच्या यादीत घेतली. आणि २०१४ मध्ये चीनचे पंतप्रधान ली केचियांग जर्मनीला गेले तेव्हा त्यांनी तिथल्या तेव्हाच्या चॅन्सेलर अँजेला मर्केलना भेट काय दिली, तर लुबान कुलूप! तुमच्या मुलीला हे नक्की सांगा.

खानापूर_सुतारकाम
ताई, छान माहिती दिलात. आपल्याकडं बैलगाडीचं चाक बघा, आरे एका टोकाला तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडात बसतात, दुसऱ्या टोकाला बाहेरच्या गोल लाकडात, तिथं पण खिळा नाही, वरनं लोखंडी धाव तापवून चढवायची, ती थंड होताना आवळते आणि सगळे सांधे एकदम बसतात. लहानपणी वडिलांच्या बाजूला बसून हे बघितलोय मी. आता चाकं करणारे आमच्या भागात हाताच्या बोटावर मोजण्याएवढे राहिले, टायरच्या गाड्या आल्या. तो आवाज, तापलेली धाव पाण्यात पडल्यावरचा, माझ्या पोरांनी ऐकलेलाच नाही, त्याचं वाईट वाटतं.

निपाणी_गणित
मी गणित शिकवतो म्हणून एक भर. सहा पट्ट्यांच्या कोड्याचे प्रकार किती, हे बिल कटलर नावाच्या अमेरिकन माणसानं कॉम्प्युटरवर मोजून काढलंय. आत अजिबात पोकळी न राहणारी जुळणी घेतली तर १,१९,९७९. आत पोकळी चालेल म्हटलं तर साडेतीन हजार कोटींच्या वर जुळण्या, ते मोजून संपलं १९९० मध्ये. पोकळी असली की मजा वेगळीच, कारण पट्टी थेट निघत नाही, एक इकडं सरकवा, दुसरी तिकडं, मग तिसरीला वाट मिळते. कटलरनंच केलेल्या एका कोड्यात पाचव्या हालचालीला पहिली पट्टी सुटते.

तुम्हाला करायचंच असेल तर पहिलं कोडं भरीवच करा, एक पट्टी पूर्ण सरळ ठेवून. २४ च्या पट्टीचे कागदावर १२-१२ चे चौकोनी ठोकळे पाडा, प्रत्येक पट्टीत मधल्या भागातले बाराच ठोकळे असे असतात की जे काढायचे का ठेवायचे हा प्रश्न येतो, बाकी लांबी नुसती धरायला. आधी साबणाच्या वड्या कापून नाहीतर थर्माकोलवर करून बघा, पोरीला पण बसवा सोबत. माझ्या वर्गात मी खडूच्या खोक्याचा पुठ्ठा कापून करून घेतो, जी पोरं भूमितीत मागं असतात ती यात पुढं असतात, हे मी दरवर्षी बघतोय.

उद्यमबाग_मिलिंग
दहा दिवस झाले, कळवायला आलोय. नवव्या दिवशी डबा उघडलो, पोरगीच्याच हातात दिलो. तिनं पलीकडच्या टोकावर अंगठा ठेवला आणि चावी सरळ बाहेर आली, ठोकायचं सोडा, जोर पण लावावा लागला नाही. मोजलो, २४.०५ आणि २४.०० वर आलंय. फुललेलं टोक पॉलिश पेपरनं हळूच घासलो. आता ती सोडूनच ठेवते, पावसाळाभर जोडायचं नाही म्हणून तिनंच ठरवलंय.

काका, आता नवीन करायचं. गॅप किती सांगा, आणि सागवान चालेल काय?

खानापूर_सुतारकाम
सागवान चालेल, तेलकट असतं, कमी हलतं, म्हणजे फुगणं-आकसणं कमी. पण जुन्या चौकटीत तुटलेले खिळे असतात, तुमचा कटर जाईल, आधी चुंबक फिरवून बघा. सहाही पट्ट्या एकाच फळीतनं काढा, शेजारशेजारच्या, म्हणजे सगळ्या एकसारख्या हलतील. आधी २५ च्या काढून घरातच तीन आठवडे पडू द्या, घाई करू नका, मग रंधा मारून २३.८ वर आणा. खाच मात्र पूर्ण २४. आता पावसाळ्यातच करताय म्हणजे लाकूड फुगलेलंच आहे, उन्हाळ्यात थोडं खुळखुळेल पण अडकणार नाही. मशीनवर खाचेचे कोपरे गोल राहतात, ते पटाशीनं हातानं चौकोनी करावे लागतील. शेवटी आतल्या अंगाला साधं मेण चोळा.

माझ्याकडं शिवणीचा एक तुकडा आहे, हलका आणि शांत लाकूड, खेळण्याला सागवानापेक्षा बरा. रविवारी खानापूरकडं येणार असाल तर पोरीला घेऊन या, पटाशी कशी धरायची ते तिला पण दाखवतो. मंगळवारी नको, त्या दिवशी आमच्याकडं लाईट नसते.