‘हात लावू नकोस’ : चिमुरड्यांना संग्रहालयात न्यावं की नाही?

चिमणीची_आई

परवा इथेच ‘शांतताप्रिय’ यांनी टाकलेलं वाचून डोकं फिरलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच वर्षांखालच्या मुलांना वस्तुसंग्रहालयात बंदी करावी, त्यांना कळत काही नाही, रडतात, काचांना चिकट हात लावतात, आणि खेळायचंच असेल तर गावात बागा आहेत. त्याखाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा.

गेल्या महिन्यात साडेतीन वर्षांच्या लेकीला घेऊन एका संग्रहालयात गेले होते. नाव घेत नाही. पहिल्या दोन दालनांत ‘हात लावू नका’ अकरा वेळा ऐकलं. चौथ्यानंतर मी मोजायलाच लागले होते. तलवारी, मूर्ती, चित्रं यांच्याशी लेकीला काही घेणंदेणं नव्हतं. जात्यापुढे मात्र थबकली. ‘‘आई, हे फिरतं?’’ म्हटलं, फिरतं. ‘‘मग फिरव.’’ आता काय फिरवणार? भोवती दोरी, वर पाटी. अहो, दगडाचं जातं ते! ज्याला बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून दोन्ही हातांनी ओढलं, त्याला हिच्या बोटाने काय होणार होतं?

मग भोकाड. दाराशी बसलेल्या रखवालदारकाकांना दया आली. त्यांनी स्वतःच्या डब्याच्या पेटीचं कुलूप काढून तिच्या हातात दिलं. किल्ली घाल, फिरव, दांडी उडते. दाब, खट्‌. परत. फरशीवर फतकल मारून वीस मिनिटं तेच. घरी आल्यावर आजोबांनी विचारलं, काय पाहिलंस? ‘‘कुलूप.’’ दीडशे रुपये रिक्षाचे, आणि शिकली ती रखवालदाराच्या कुलपावर.

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचं नाव ज्याच्यावरून पडलं तो राजा हा दिनकर केळकरांचा मुलगा, सातव्या वर्षी गेलेला. त्याच्या नावाने जमवलेल्या वीसेक हजार वस्तू, अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, सगळ्या हाताळायच्या! त्या आता काचेआड आहेत, असणारच. माझं म्हणणं एवढंच की अशा प्रत्येक ठिकाणी एक खोली अशी हवी जिथे जातं फिरेल, उखळात कांडता येईल, कुलूप उघडेल. ब्रुकलिनमध्ये मुलांचं संग्रहालय १८९९ साली निघालं. बोस्टनच्या मुलांच्या संग्रहालयात साठच्या दशकात मायकेल स्पॉक यांनी (बालसंगोपनावर पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टर स्पॉकचेच चिरंजीव) वस्तू कपाटांतून बाहेर काढून मुलांच्या हातात दिल्या. आपण अजून दोरीच बांधतोय.

काचेपलीकडचा

ताई, एकोणतीस वर्षं संग्रहालयांच्या वस्तू पुसण्यात गेली, म्हणून लिहितो. ‘एका बोटाने काय होणार’ हे वाक्य मी दररोज ऐकलं, दररोज वेगळ्या माणसाकडून. तिथेच तर घोळ आहे. तुमची लेक एकटी नाही. घामात मीठ असतं, तेल असतं. पितळेवर बोट टेकवा आणि विसरून जा, काही दिवसांनी तिथे बोटाचा ठसा काळा होऊन उमटतो, आणि तो घासून काढायचा म्हणजे पितळ काढायचं. जुन्या देवळातला नंदी पाहा. काळ्या पाषाणाची पाठ, भाविकांच्या तळहातांनी गुळगुळीत. पाषाणाची ही गत, तर पैठणीच्या जरीचं काय होईल?

आणि जात्याबद्दल. दगडाला काही होणार नाही, कबूल. वरची तळी निसटून पोराच्या बोटावर आली की मात्र तुम्हीच तक्रारवहीत दोन पानं लिहाल.

शांतताप्रिय

माझ्या नावाने धागा निघाला, धन्य झालो. मी ‘बंदी’ म्हणालो, ‘शिक्षा’ नाही. तुमच्याच गोष्टीचं तात्पर्य तुमच्या लक्षात आलं नाही याचं नवल वाटतं. पोरीला कुलूप पुरलं! मग ते हार्डवेअरच्या दुकानात मिळतं की. तिकीट नाही, रांग नाही, आणि माझ्यासारखा एखादा म्हातारा शांतपणे लघुचित्रं बघत असेल तर त्याच्या पायात कोणी घुटमळत नाही.

फिलीची_वहिनी

आमच्या फिलाडेल्फियात ‘प्लीज टच’ नावाचंच संग्रहालय आहे, १९७६ पासूनचं, सात वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. २००८ पासून ते मेमोरियल हॉलमध्ये आहे, म्हणजे १८७६ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या इमारतीत. ऐतिहासिक वास्तू आणि आत पोरांचा धुमाकूळ, दोन्ही नांदतं एकत्र. आत खोटंखोटं दुकान आहे, छोट्या ढकलगाड्या, लाकडी गाजरं. आमचा मुलगा दोन वर्षांचा असल्यापासून जातो.

पण खरं सांगू? एकदा सासूबाई आल्या होत्या. त्यांनी घरी परातीत मूग आणि वाटाणे एकत्र करून त्याला निवडायला बसवलं. पाऊण तास पठ्ठ्या हलला नाही. तिथे वर्षाची वर्गणी भरतो आम्ही.

बालवाडीताई

वहिनी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मी पालघरकडची. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ला बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. साहित्य काय? चिंचोके, खडे, पानं, शिंपले, माती. काचेची कपाटं नव्हती, त्यामुळे पाटी लावायचाही प्रश्न नव्हता. ब्रुकलिन, बोस्टन चांगलंच आहे हो, पण आपल्या घरातली माणसं आधी आठवावीत.

माझ्या अंगणवाडीत पंचवीस मुलं. एका वर्षी वरून प्लॅस्टिकच्या खेळण्यांची पेटी आली, त्याबरोबर ‘खेळणी खराब झाल्यास जबाबदारी सेविकेची’ असा तोंडी निरोप. ती पेटी मी कशी ठेवली असेन? कपाटात. कुलूप लावून. (चिमणीच्या आईंनी लेकीला पाठवावं, उघडेल ती.) सात महिन्यांनी पाहणीला साहेब आले तेव्हा काढली, ते गेल्यावर परत आत. तेव्हा संग्रहालयवाल्यांना फार बोलवत नाही मला. भरपाई ज्याच्या पगारातून जायची असते तो दोरीच बांधतो.

सदाशिव_पेठी

एवढा खल कशाला? आपल्याकडे यावर उत्तर होतं: भातुकली. चूल, शेगडी, बंब, रोवळी, सोऱ्या, मोदकपात्र, वीतभर जातंसुद्धा. आमच्या आईची पितळी भातुकली अजून आहे, ऐंशीच्या वर नग. चुरमुरे-गूळ-दाण्याचा स्वयंपाक, पानाच्या पत्रावळी. मोजणं, ओतणं, वाटून घेणं, सगळं शिक्षण त्यात. ना तिकीट, ना परदेशवारी. बायकांनीच ती परंपरा मोडली आणि आता मॉलमध्ये पैसे भरून ‘सेन्सरी प्ले’ करवतात.

तिखटमीठ

‘बायकांनीच मोडली’!! वाह, काका. भातुकली हे खेळणं नव्हतं, ती घरकामाची उमेदवारी होती. सहाव्या वर्षी खोटी पोळी, दहाव्या वर्षी खरी. आमच्या घरी मी आणि दादा दीड वर्षाच्या अंतराने. मला दिवाळीत भातुकली, त्याला मेकॅनो, म्हणजे पट्ट्या-स्क्रू जोडायचा खेळ. मला त्याच्या पेटीतला एक स्क्रू पिळू दिला नाही कोणी. आज घरातला फ्यूज गेला की मी नवऱ्याची वाट बघत अंधारात बसते, आणि त्याचं मूळ त्या ‘शिक्षणात’ आहे. तुमच्या ऐंशी नगांत एखादा पाना-पक्कड होता का, तेवढं सांगा.

सदाशिव_पेठी

विषय संग्रहालयाचा, तुम्ही स्त्रीमुक्तीवर नेलात. फ्यूज बदलायला आजही कोणी अडवलेलं नाही. आमच्या आईने त्याच भातुकलीवर मला भागाकार शिकवला. बारा लाडू, चार बाहुल्या.

तिखटमीठ

बारा लाडू तिने वळले, चार बाहुल्यांना तिने वाढले, भागाकार तुम्ही शिकलात. दुसरं काही बोलायची गरजच नाही.

कढईवाला

दोघांनीही जरा दमानं घ्या. मी मुलगा, चार बहिणींच्या पाठचा. भातुकली माझा जीव की प्राण. गल्लीतली पोरं ‘मुलीत मुलगा लांबोडा’ ओरडत मागे लागायची. एकदा वडिलांनी पाहिलं, बोलले काही नाहीत, दुसऱ्या दिवशी सगळी भांडी बोहारणीला देऊन टाकली. बदल्यात स्टीलचा एक डबा आला. तो डबा आजही आईच्या घरी आहे, तांदूळ असतात त्यात. त्याच्यातून तांदूळ काढताना मला आजही कसंतरी होतं.

आता माझी खानावळ आहे, रोजची दोनशे ताटं. तेव्हा तिखटमीठताई, तो खेळ वाईट नव्हता, तो कोणाला द्यायचा हे ठरवणारे वाईट होते. आणि काका, परंपरा बायकांनी मोडली म्हणालात ना? आमच्याकडे तरी बापाने मोडली.

तिखटमीठ

कढईवाले, तुमच्यापुरतं मागे घेते. काकांपुरतं नाही.

सुईटोची

बालरोग विभागात परिचारिका आहे. सगळे स्पर्श-स्पर्श करताय, पण तीन वर्षांच्या आतलं मूल स्पर्श हाताने करतं हा गैरसमज काढा, ते तोंडाने करतं. खेळण्यांच्या सुरक्षेसाठी एक नळकांडं वापरतात, साधारण ३१.७ मिलिमीटर रुंद. त्यात जे मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही. शिवराईची (शिवकालीन तांब्याच्या नाण्याची) हुबेहूब प्रतिकृती करून ठेवाल ‘हाताळा’ म्हणून, ती त्यातून आरामात जाते. चिंचोके, वाटाणे, मूगसुद्धा. वहिनी, सासूबाईंना नमस्कार माझाही, पण परातीशेजारी बसून राहायला सांगा.

बालवाडीताई

मी पंचवीसांशेजारी बसून असते. चिंचोके रोज मोजून देते, मोजून घेते. एक कमी पडला तर दप्तरं, खिसे, तोंडं, सगळं तपासते. नळकांडं कोणी दिलं नाही मला.

काचेपलीकडचा

भातुकलीचा धूर निवला असेल तर मूळ मुद्द्याकडे येतो.

मला स्पर्श नको असं नाही. मला बटणं नकोत. मुलांसाठी म्हणून जे बनवलं जातं त्यात निम्मी बटणं असतात. पोरगं येतं, दाबतं, दिवा लागेपर्यंत पुढच्या बटणावर गेलेलं असतं. त्याला शिकणं म्हणायचं तर लिफ्टमध्ये रोजच शिकवणी चालते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राचं मुलांचं उद्यान १९७९चं आहे, आंतरराष्ट्रीय बालकवर्षातलं. ओढायचं, झुकायचं, ढकलायचं, अंगमेहनतीचं काम, म्हणून पोरं तिथे रमतात. टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे यांचा मेकॅनो केला. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लुळा पडतो. हे बोटांना कळतं, पाटी वाचावी लागत नाही. (सुईटोचीताई, ते तुकडे तुमच्या नळकांड्यात जातात, माहीत आहे. तो खेळ मोठ्यांचा.)

प्रश्न पैशाचा आणि माणसाचा. हाताळायची वस्तू मोडणारच, मोडली तर ती कामी आली असं समजायचं. पण उद्घाटनाला पैसे मिळतात, दुरुस्तीला नाही. मी काम केलं त्या एका ठिकाणी मुलांचं दालन थाटात उघडलं. दोन वर्षांत निम्म्या वस्तूंवर ‘नादुरुस्त’ चिकटलं. आईबाप पोरांना काय सांगायचे? ‘‘हात लावू नकोस, मोडलंय.’’

चिमणीची_आई

काका, शेवटच्या परिच्छेदापर्यंत तुमच्याशी भांडायचं ठरवून वाचत होते. आता पंचाईत झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ला आवारातच मुलांचं वेगळं संग्रहालय केलं, त्यांची फिरती बसही गावोगाव जाते. म्हणजे मनात आलं तर जमतं. पण तुम्ही म्हणताय तो दुरुस्तीवाला माणूस हवा. सुताराला कायम नोकरी द्या आणि एक निवेदक कमी करा, मी अर्जावर सही करते.

जात्याबद्दल मात्र हटणार नाही. मधल्या खुंटीला वरून कडं घाला, तळी निसटणार नाही.

काचेपलीकडचा

जमेल. तरी खालच्या तळीला पाचर हवी. आणि चार चिमूट ज्वारी घाला, नुसता दगडावर दगड फिरवला तर टाके (दगडावर टाकीने पाडलेल्या खाचा) जातात, आवाजही कर्कश. पीठ निघालेलं दिसलं की पोर परत फिरवतं.

फिलीची_वहिनी

ही तळटीप चिकटवा रे कोणीतरी धाग्याच्या वर.

शांतताप्रिय

बरं. रविवार सकाळ मुलांची, बाकी आठवडा आमचा. बंदीचं वय पाचाचं तीन करतो. त्याखाली नाही म्हणजे नाही.

तिखटमीठ

रविवार सकाळी बाबांनी न्यायचं, अशी अट घाला. आईला झोपू द्या.

सदाशिव_पेठी

आमच्याकडच्या भातुकलीतलं वीतभर जातं चिमणीच्या आईंना द्यायला तयार आहे. पाना-पक्कड वेगळी घ्यावी. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चिमणीची_आई

काका, केला. जातं घेतेच, पण आधी किल्लीचं ऐका. ‘शांतताप्रिय’ यांचा सल्ला मानून हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप आणलं होतं. काल दुपारी लेकीने बाल्कनीच्या दाराच्या खालच्या कडीला ते लावलं. नुसतं दाबलं की लागतं. आजोबा बाहेर कुंड्यांना पाणी घालत होते. पाऊण तास उन्हात. किल्ली शेवटी तिच्या प्लॅस्टिकच्या कुकरमध्ये निघाली, वर झाकण, शिट्टीसकट. ‘‘शिजतेय,’’ म्हणाली.